पितळी काउंटर, लोखंडी जाळी, सोनेरी स्टील: नागपूरचा एक उन्हाळा आणि एक पावसाळा काढल्यावर

धरमपेठेतल्या आमच्या रेस्टॉरंटचं इंटिरियर करताना धातूचं काम सगळं बनवून घ्यायचं ठरवलं होतं, रेडिमेड काही नको. पितळी काउंटर, किचन आणि हॉलच्या मधली लोखंडी जाळी, वॉश एरियातली सोनेरी स्टीलची चौकट, टेबलांचे स्टँड, मुख्य दाराचं हँडल. जानेवारीत सगळं बसलं. मधे उन्हाळा गेला, पाऊस गेला, आता दसरा आलाय. नवं असताना सगळंच चमकतं, म्हणून लिहायला इतके महिने थांबले.

आधी काउंटर, कारण माझा जीव त्याच्यावर आहे. दीड मिलिमीटरचा पितळी पत्रा, लांबी साधारण तीन मीटर, खाली प्लायवूड. पितळेच्या भांड्यांसाठी भंडारा आपल्याकडे प्रसिद्धच आहे. तिथल्याच एका कारागिराने पत्रा कापून, कडा वळवून बसवून दिला. दोन्ही टोकांना त्याने बारीक फट ठेवली आणि वरून पट्टीने झाकली. कशाला म्हणून विचारलं तर म्हणाला, "ताई, उन्हाळ्यात पितळ वाढते. जागा नाही ठेवली तं मधातून उठून येते." हिशोब करून पाहिला. पितळ दर मीटरमागे, दर अंशाला सुमारे ०.०१९ मिलिमीटर वाढतं. तीन मीटरचा पत्रा आणि तीस अंशांचा फरक धरला की पावणेदोन मिलिमीटरच्या आसपास होतात. नागपुरात हा फरक काही फार नाही. डिसेंबरातल्या पहाटे पारा दहाच्या खाली जातो आणि याच शहराने २३ मे २०१३ ला ४७.९ अंश पाहिलेत. आमचा एसी रात्री बंद असतो, काउंटर पश्चिमेच्या काचेला लागून आहे. मे महिनाभर मी रोज त्याच्यावरून तळहात फिरवून बघत होते. कुठेही फुगवटा आला नाही.

लॅकर, म्हणजे पितळ काळं पडू नये म्हणून वरून मारायचा पारदर्शक थर, मारायचं की नाही, यावर बरीच चर्चा झाली. "मारून देतो, पण हात लागते तिथं टिकत नाही. मग अर्धं काळं, अर्धं पिवळं दिसते," असं कारागिराचं म्हणणं. तसंच उघडं ठेवलं आणि त्याचा आनंदच आहे. बिलाची मशीन ठेवतो तिथे गडद मधासारखा रंग आलाय, माणसं टेकतात ती कड लखलखीत राहते. सांभाळायचं ते एवढंच, की लिंबू सोड्याचा ग्लास रात्रभर तसाच राहू द्यायचा नाही. आंबटाने पितळेतलं जस्त निघून जातं आणि तिथे तांब्याचा गुलाबी डाग उरतो. तो साध्या पुसण्याने जात नाही, पीतांबरी घेऊन मऊ कापडाने घासावा लागतो आणि लगेच कोरडा करावा लागतो. रोजच्या पुसण्याला ओला फडका आणि मागोमाग सुका फडका, बस.

जाळीचं मात्र दुःख आहे. तीन मिलिमीटरच्या एमएस शीटवर (म्हणजे साध्या लोखंडी पत्र्यावर) लेझर कटिंग, वर काळी मॅट पावडर कोटिंग, म्हणजे पावडर उडवून भट्टीत भाजलेला रंग. डिझाइन सुरेख, फोटोत तर फारच. जुलैत पहिल्या झडीनंतर भोकांच्या कडेने कोटिंगच्या पापुद्र्या सुटायला लागल्या. सपाट भागाला काही झालं नव्हतं, फक्त कडा. नखाने उचललं तर पापुद्रा निघायचा आणि खाली निळसर-काळी, गुळगुळीत कड दिसायची. लेझरने कापताना सोबत ऑक्सिजन वायू सोडला की कापलेल्या कडेवर ऑक्साइडचा पातळ थर बसतो. पावडर त्या थराला चिकटते, लोखंडाला नाही, आणि थर सुटला की तिला घेऊनच सुटतो. कोटिंगच्या आधी प्रत्येक कड घासून किंवा ॲसिडमध्ये बुडवून तो थर काढावा लागतो. ऑक्सिजनऐवजी नायट्रोजन सोडून कापलं तर तो थर बसतच नाही. ज्या वर्कशॉपने आमचं काम केलं, त्यांनी घासण्याचे पैसे लावले होते, घासलं नव्हतं. दाखवल्यावर "पावसाचं वातावरण आहे" एवढंच उत्तर मिळालं. मला याचा राग आहे, कारण घासलं की नाही हे गिऱ्हाइकाला कोटिंग झाल्यावर दिसूच शकत नाही.

दुसरं, भोकांचा आकार. आमच्याकडे सावजी मसाल्याची फोडणी दिवसभर चालते. ती वाफ तेल घेऊन जाळीपर्यंत येते आणि भोकात बसते. आमच्या जाळीत बोट जात नाही, त्यामुळे ब्रश आणि गरम साबणाचं पाणी घेऊन पोरगा एकेक भोक साफ करत बसतो. किचनच्या दहा फुटांत जाळी लावायची असेल तर भोक निदान दोन बोटं जातील एवढं ठेवा, आणि ती स्क्रूवर काढता येईल अशी बसवा.

सोनेरी स्टीलबद्दल मत संमिश्र आहे. हे पीव्हीडी कोटिंग असतं, व्हॅक्युमच्या चेंबरमध्ये टायटॅनियम नायट्राइडचा अतिशय पातळ आणि कडक थर बसवतात. नळाजवळच्या पट्ट्यांवर इतक्या महिन्यांत एक ओरखडा नाही, पाण्याचे पांढरे डाग पुसले की जातात. पण चौकट मोठी, म्हणून दोन तुकड्यांत आली आणि इथे आर्गन वेल्डिंगने जोडली. उष्णतेने तेवढ्या जागेचा रंग गेला आणि त्यावर सोनेरी स्प्रे मारून दिला. तो स्प्रे जूनपर्यंत टिकला. पीव्हीडीवर टचअप नसतं. सगळं वेल्डिंग, बफिंग (घासून चकाकी आणणं) आधी आणि कोटिंग शेवटी, नाहीतर जोड स्क्रूचा.

तिथेच लावलेल्या टॉवेलच्या दांड्याला चहाच्या रंगाचे ठिपके आले. ३०४ म्हणून, म्हणजे सहसा न गंजणाऱ्या स्टीलच्या ग्रेडचा म्हणून विकला होता. लोहचुंबक लावून काही कळत नाही, २०२ या स्वस्त ग्रेडला पण तो चिकटत नाही. बॅटरी आणि टेस्टिंगचं लिक्विड मिळतं, मँगनीजवालं २०२ असेल तर थेंब लाल होतो. आमचा झाला. दांडा बदलून मिळाला, पण आता कुठलाही माल उतरवताना मी आधी थेंब टाकते.

टेबलांचे स्टँड चांगले निघाले. चौकोनी पाइपची खालची तोंडं प्लेट लावून बंद केलीत आणि खाली नायलॉनचे जाड बुश आहेत. फरशी पुसताना पाणी पाइपात जात नाही आणि टेबलं सरकवली की किंचाळत नाहीत. फरशीला ॲसिड लावणं मात्र बंद केलंय. त्याची वाफसुद्धा स्टीलला खाते.

दाराचं हँडल पश्चिमेला. एप्रिलपासून दुपारी त्याला हात लावणं अशक्य व्हायचं, माणसं ओढणी गुंडाळून दार उघडायची. पितळ तसंच ठेवून धरायच्या जागी आल्लापल्लीच्या सागवानाची मूठ बसवून घेतली. आता लहान पोरंही दार उघडून आत येतात.

दिवाळीनंतर जाळी उतरवून दुसऱ्या वर्कशॉपला देतेय, हिंगणा एमआयडीसीत. जुनी पावडर काढून कडा घासल्या की कोटिंगच्या आधी मी स्वतः जाऊन बघणार, असं कोटेशनवरच लिहून घेतलंय. धातूचा ग्रेड, पत्र्याची जाडी आणि कोटिंगची मायक्रॉनमधली जाडी हेही त्याच कागदावर आहे.