ओव्हरीच्या कॅन्सरमध्ये कॅन्सरवाल्या डाएटिशियनचा खरंच उपयोग होतो का? आमचा सहा महिन्यांचा अनुभव, ५ पैकी ४ स्टार

आईला ओव्हरीचा म्हणजे अंडाशयाचा कॅन्सर, स्टेज ३, वय ६१. आम्ही कोल्हापूरचे, ट्रीटमेंट पुण्यात. आधी तीन किमो, मग ऑपरेशन, मग परत तीन किमो असा प्लॅन होता, कार्बोप्लॅटिन आणि पॅक्लिटॅक्सेल ही किमोची औषधं, दर तीन आठवड्यांनी. हा रिव्ह्यू डॉक्टरांचा नाही, फक्त कॅन्सर पेशंट बघणाऱ्या डाएटिशियन मॅडमच्या सर्व्हिसचा आहे. नाव देत नाहीये, कारण मला कुणाची जाहिरात करायची नाही, पण अशी सर्व्हिस घ्यावी का, घेतली तर काय बघावं, हे कुणीतरी मला पहिल्या दिवशी सांगायला पाहिजे होतं म्हणून लिहितेय.

पहिले दोन किमो आम्हाला कुणी डाएटिशियनकडे पाठवलंच नाही. एका ठिकाणी छापील कागद हातात दिला होता, भरपूर कोशिंबीर, पालेभाज्या, फळं खा, तूप बंद, साखर बंद. आईने तो मनापासून पाळला आणि तिचं पोट असं फुगायला लागलं की दोन घास खाल्ले की "मला जात नाही गं" म्हणून ताट सरकवायची. आमच्या डोक्यात एकच, की ही खात नाही, हट्टी आहे. मी रागवले पण आहे तिच्यावर, ते आठवलं की अजून वाईट वाटतं.

दुसऱ्या किमोनंतर वॉर्डात शेजारच्या बेडवरच्या काकूंच्या सुनेनं या मॅडमचा नंबर दिला.

पहिली भेट पाऊण तास चालली. मॅडमनी काट्यावर उभं केलं, ५६ किलो. मी खूश, कारण मागच्या महिन्यात ५४ होतं आणि घरी सगळे म्हणत होते तब्येत सुधारतेय. मॅडम काही बोलल्या नाहीत, आईचा हात हातात घेतला, बांगड्या वर सरकवल्या तर त्या कोपरापर्यंत गेल्या. मग घोट्याजवळ बोट दाबलं, खड्डा पडला तो तसाच राहिला. म्हणल्या, "काकू, हे वजन तुमचं नाही, पाण्याचं आहे." पोटात पाणी परत भरत होतं. पहिल्या किमोच्या आधी साडेचार लिटर काढलं होतं, म्हणजे साडेचार किलो तेच की, हे इतकं साधं गणित आमच्या कुणाच्या डोक्यात आलं नव्हतं. त्यांच्या अंदाजाने आईचं कोरडं वजन, म्हणजे पाणी वजा करून, ५२. आजाराआधी ६० होतं. सहा महिन्यांत ५ टक्क्यांपेक्षा जास्त वजन गेलं तरी ते कुपोषणाचं लक्षण धरतात आणि आईचं १३ टक्के गेलं होतं. कुपोषण हा शब्द ऐकून मी गप्पच झाले, आपल्याला कुपोषण म्हटलं की मेळघाटातली पोरं आठवतात, स्वतःच्या घरात दूधदुभतं असताना आई कुपोषित आहे हे पचत नाही.

मग एक हाताने दाबायचं मशीन दिलं, मुठीची ताकद मोजतात त्याने. आईचं १३ किलो आलं. बायकांमध्ये १८ च्या खाली म्हणजे स्नायूंची ताकद कमी. स्नायू कमी झाले की किमोचा त्रास जास्त होऊ शकतो, ऑपरेशननंतर जखम भरायला वेळ लागतो, इन्फेक्शनची भीती वाढते. मॅडमनी हेही स्पष्ट सांगितलं की स्नायू कमी असलेल्या बायका कमी जगतात असं काही अभ्यासांत दिसलंय, पण सगळ्या अभ्यासांत सारखं आलेलं नाही, आणि खाण्याने कॅन्सर बरा होतो असं मी कधीच म्हणणार नाही. माझा विश्वास बसला तो या वाक्यावर.

अल्ब्युमिनचं, म्हणजे रक्तातल्या एका प्रोटीनचं, पण तसंच. आईचं २.८ होतं, ३.५ च्या वर पाहिजे. आम्ही अंड्याचे पांढरे वाढवून आठवड्यात रिपोर्ट बघत होतो, काही हलत नव्हतं. मॅडम म्हणल्या, अल्ब्युमिन नुसतं खाण्यावर नसतं, आजारामुळे अंगात आतून जो दाह असतो त्याने पण पडतं आणि पोटातल्या पाण्यातून पण जातं. सर्जन तो आकडा बघतात कारण कमी असेल तर ऑपरेशनची रिस्क जास्त, पण तुम्ही दर आठवड्याला तो बघून रडू नका, घास मोजा.

आता चार्ट. पहिला चार्ट आला तो तयार फॉर्मॅटमधला होता, ओट्स, किनुआ, अ‍ॅव्होकॅडो. आईला हे शब्दच माहीत नाहीत. एक स्टार मी इथेच कापलाय. फोन करून सांगितल्यावर मात्र दोन दिवसांत नवीन चार्ट आला आणि तो खरंच आमच्या घरातला होता. दिवसाला कोरड्या वजनाच्या किलोमागे १.२ ते १.५ ग्रॅम प्रोटीन, म्हणजे ६२ ते ७८ ग्रॅम, आणि १३०० ते १५५० कॅलरी. आई खात होती ३४ ग्रॅम. एक अंडं ६, पाव लिटर दूध ८, पन्नास ग्रॅम पनीर ९, वाटीभर घट्ट मुगाचं वरण ६-७, असं करत करत बेरीज करायची मला सवय लागली. तीन जेवणं बंद, दर दोन तासांनी वाटीभर, कारण पोटात पाणी असलं की जागाच नसते. तूप परत सुरू, कमी जागेत जास्त कॅलरी. कोशिंबीर, चोथ्याच्या भाज्या, अख्खी कडधान्यं काही दिवस बंद, कारण या कॅन्सरमध्ये आतडं बाहेरून दाबलं जाऊन वाट अरुंद होऊ शकते. वहीच्या पहिल्या पानावर लाल पेनाने लिहून दिलं होतं: पोट फुगलं, उलट्या सुरू झाल्या, संडास आणि गॅस दोन्ही बंद झाले तर मला मेसेज करत बसायचं नाही, थेट हॉस्पिटल.

आमच्या आत्या रोज मटणाचं आळणी, म्हणजे मटण शिजवलेलं बिनतिखटाचं पाणी, करून पाठवायच्या, आपल्याकडे आजाऱ्याला, बाळंतिणीला तेच देतात ना. मॅडम म्हणल्या आळणी द्या, तोंडाला बरं वाटतं, पण प्रोटीन बहुतेक मटणात राहतं, पाण्यात नाही, तेव्हा खिमा मऊ शिजवून त्यातच घाला. आत्यांना राग न येऊ देता हे सांगायचं कसं हा मोठा प्रश्न होता, शेवटी मॅडमनीच फोनवर सांगितलं. तेव्हापासून आळणीत खिमा यायला लागला.

किमोनंतर तोंड लोखंडासारखं लागतं म्हणायची आई. स्टीलचा चमचा काढून लाकडी दिला, सगळं कोमट किंवा गार, सोबत आमसुलाचं सार. एवढ्याने ती पाच घासांवरून दहावर आली.

आणि व्यायाम, याकडे कुणी लक्ष देत नाही. खुर्चीतून हात न टेकता उठायचं आणि बसायचं, पहिल्या दिवशी आईला तीनदा जमलं. नुसतं प्रोटीन घालून स्नायू होत नाहीत, त्याला काम द्यावं लागतं. ऑपरेशनच्या आदल्या दिवशी ती बारा वेळा उठली आणि मुठीची ताकद १६ वर आली होती. ऑपरेशन तिसऱ्या किमोनंतर झालं, दुसऱ्याच दिवशी चहा आणि पातळ पेज द्यायला सांगितली. गॅस पास होईपर्यंत तोंडात काही नाही असंच आम्ही ऐकत आलो होतो, म्हणून मी नर्सला दोनदा विचारून घेतलं. टाके वेळेत निघाले. हे सगळं चार्टमुळेच झालं असा माझा दावा नाही, पण शेवटचे तीन किमो एकदाही पुढे ढकलावे लागले नाहीत.

खर्च: पहिली भेट १२०० रुपये, पुढच्या ६००, व्हिडिओ कॉलवर पण होतात. मेसेजला उत्तर कधीकधी दुसऱ्या दिवशी येतं आणि किमोनंतरच्या तिसऱ्या रात्री उलट्या चालू असताना ते फार जीवावर येतं, याबद्दल मी त्यांना पण बोलले. प्रोटीन पावडरचा डबा त्यांनी स्वतःहून विकला नाही, फक्त किमोनंतरच्या त्या चार-पाच दिवसांपुरता घ्या म्हणल्या, ही गोष्ट मला फार आवडली, कारण याआधी एकाने पहिल्याच भेटीत तीन डबे गळ्यात मारले होते.

जाणार असाल तर दुसऱ्या किमोची वाट बघू नका. तीन दिवस पेशंट खरंच काय खातो ते वाटी-चमच्यात लिहून न्या, आजाराआधीचं वजन आठवून ठेवा, पाणी किती लिटर काढलं ते फाइलमध्ये बघून ठेवा आणि चार्ट घेताना तुमच्या घरात काय शिजतं ते आधीच सांगा. शनिवारी गर्दी असते, मंगळवारी सकाळी नंबर लवकर लागतो.