ऑपरेशनची तारीख: पाळीत की पाळीनंतर?

तारीख आपल्या हातात असेल, तर मी पाळी संपल्यानंतरचा आठवडा निवडेन. पाळीत गर्भाशयाच्या अस्तरातून प्रोस्टाग्लॅंडिन नावाचं रसायन सुटतं, गर्भाशय आकसतं, ओटीपोटात कळा येतात. त्यात टाक्यांचं दुखणं! कूस बदलताना नेमकं काय ठणकतंय तेही कळत नाही, शिवाय पॅड बदलायला वाकायचं. पाळीनंतर निदान दुखणं एकच.

पण जखमेची वेदनाच पाळीनुसार कमी-जास्त होते का, यावर अभ्यासांचे निष्कर्ष एकमेकांशी जुळत नाहीत. म्हणून तातडीचं ऑपरेशन पाळीपायी अजिबात पुढे ढकलू नका. पाळी आलीच, तर भूलतज्ज्ञांना न लाजता सांगा. आयबुप्रोफेन हे वेदनाशामक प्रोस्टाग्लॅंडिन तयार होणंच कमी करतं, त्यामुळे कळा आणि टाके दोन्हींना आराम पडू शकतो. ते तुम्हाला चालेल का, हे मात्र डॉक्टरांनाच ठरवू द्या.