रुग्णालयाचा गुणवत्ता अहवाल: टक्केवारीपेक्षा छेद बघा

सामुदायिक रुग्णालयांचे तिमाही गुणवत्ता अहवाल ही रुग्णांसाठी खरोखर मोलाची सेवा आहे, पण छेद, म्हणजे ज्या एकूण संख्येने भागून दर किंवा टक्केवारी काढतात ती संख्या, छापलेला असेल तरच. मोठ्या रक्तवाहिनीत घातलेल्या नळीमुळे (सेंट्रल लाइन) होणारा रक्तातला संसर्ग दर १००० नळी-दिवसांमागे मोजतात. त्यासाठी वॉर्डातली नर्स रोज ठरलेल्या वेळी किती रुग्णांना अशी नळी आहे ते मोजून तक्त्यात लिहिते; या रोजच्या आकड्यांची बेरीज म्हणजे नळी-दिवस, आणि तोच इथला छेद. रविवारची नोंद राहिली की छेद घटतो आणि दर उगाच फुगतो. छोट्या रुग्णालयात तर आकडे फारच हलतात: तिमाहीत ४०० नळी-दिवस असतील, तर एका संसर्गाने दर २.५ होतो, दोनांनी थेट ५. म्हणून एका तिमाहीवरून मत बनवू नका, निदान चार तिमाह्या सलग बघा.

हात धुण्याची टक्केवारी हा अशा अहवालांचा सगळ्यात कच्चा भाग. निरीक्षक समोर उभा असला की सगळेच हात धुतात. रुग्णाला हात लावण्याआधी आणि नंतर असे वेगळे आकडे दिले असतील तरच त्यांना अर्थ आहे; चूक बहुधा ‘आधी’मध्येच होते.

रुग्ण पडण्याच्या घटना जास्त दिसल्या म्हणून घाबरू नका. नोंद प्रामाणिकपणे होत असेल तर आकडा वाढतोच. इजा झालेल्या घटना वेगळ्या दाखवल्यात का, ते तपासा. पुनर्भरतीचा, म्हणजे घरी सोडल्यावर ३० दिवसांत पुन्हा दाखल झालेल्या रुग्णांचा, आकडा मात्र अर्धवटच असतो, कारण दुसऱ्या रुग्णालयात दाखल झालेला रुग्ण त्यात सहसा येतच नाही.