वरच्या खोलीतला कॉम्प्युटर: वायर ओढावी की मेश घ्यावा?

नाशिकला इंदिरानगर किंवा पाथर्डी फाट्याकडच्या बऱ्याच रो-हाऊसमध्ये फायबरचा राऊटर खाली हॉलमध्ये असतो आणि कॉम्प्युटर वरच्या खोलीत. आमच्याकडेही तसंच होतं. मुलगी वर अभ्यासाला बसली की व्हिडिओ अडकायचा. एकदा लॅपटॉप राऊटरशेजारी नेऊन वेग मोजला, तर जवळजवळ १०० एमबीपीएस मिळाले. वर मात्र जेमतेम १२. म्हणजे नेट नीट येत होतं, मधला स्लॅब ते अडवत होता. काँक्रीट आणि त्यातल्या लोखंडी सळ्यांतून वाय-फाय फार क्षीण होतं. घरच्या वाय-फायच्या लहरींचे सहसा २.४ आणि ५ गिगाहर्ट्झ असे दोन पट्टे (बँड) असतात; त्यातलं ५ गिगाहर्ट्‌झचं तर २.४ पेक्षाही लवकर. काहीही विकत घेण्याआधी ही मोजणी कराच. राऊटरजवळही वेग नसेल, तर पुढचं काहीच उपयोगाचं नाही.

राऊटरचा सिग्नल पकडून पुढे पाठवणाऱ्या साध्या रिपीटरबद्दल फार लिहीत नाही. एकाच बँडवर ऐकायचं आणि त्याच बँडवर पुढे पाठवायचं, त्यामुळे वेग साधारण निम्म्यावर येतो. गच्चीत मोबाईल चालावा एवढंच हवं असेल तर घ्या.

मेशमध्ये दोन किंवा तीन डबे मिळून घरभर एकच नेटवर्क करतात. भिंतीला हात लावावा लागत नाही, तासाभरात सगळं चालू होतं. मात्र दुसरा डबा, जिथे रेंज नाही त्याच खोलीत ठेवायची चूक खूप जण करतात. त्याला पहिल्या डब्याचा सिग्नल नीट मिळाला तरच तो पुढे देणार, म्हणून त्याची जागा जिन्याच्या वळणावर. दोन बँडच्या स्वस्त मेशमध्ये डब्यांचं आपसातलं बोलणंही त्याच बँडवर होतं, त्यामुळे वर पोचेपर्यंत वेग घटतोच. शिवाय वीज गेली की प्रत्येक डब्याला इन्व्हर्टरचा पॉइंट लागतो. आमच्या जिन्यात तो नव्हता.

म्हणून मी वायर ओढली, आणि घर स्वतःचं असेल तर तुम्हालाही तेच सांगेन. कॅट-६ वायर (नेटवर्कची आठ तारांची वायर) १०० मीटरपर्यंत १ जीबीपीएस, म्हणजे १००० एमबीपीएस नेते. रो-हाऊसला २०-२५ मीटर पुष्कळ होते. दुकानात वायरीचं टोक ब्लेडने खरवडून बघा. आतून पांढरी निघाली तर ते तांब्याचा मुलामा दिलेलं ॲल्युमिनियम आहे, घेऊ नका. बाहेरून न्यायची असेल तर उन्हात टिकणारी काळ्या आवरणाची घ्या.

भोक स्लॅबला पाडायचं नाही, बीम-कॉलमला तर नाहीच. बाहेरच्या नऊ इंची भिंतीतून वायर बाहेर काढून वर न्यायची. नेहमीचा बिट एवढ्या भिंतीतून आरपार जात नाही, हॅमर ड्रिलला फूटभर लांबीचा बिट लावावा लागतो. भोक बाहेरच्या बाजूला किंचित उतरतं ठेवा, आणि वायर वर आत शिरण्याआधी तिला खाली झोल द्या, म्हणजे ओघळणारं पाणी तिथूनच गळून पडतं. आपल्याकडे पावसाचा मारा पश्चिमेकडून येतो, म्हणून शक्यतो पूर्वेची भिंत निवडा. टोकाला लावायचा कनेक्टर (राऊटरमध्ये खोचायची पिन) वायर ओढून झाल्यावरच लावा, छोट्या भोकातून तो जात नाही. विजेच्या वायरींच्या पाइपात ही वायर कधीही घालू नका. वळिवात विजा कडाडू लागल्या की दोन्ही टोकं काढून ठेवायची सवय लावा.

कनेक्टरमधला रंगांचा क्रम दोन्ही टोकांना सारखाच हवा: पांढरी-नारिंगी, नारिंगी, पांढरी-हिरवी, निळी, पांढरी-निळी, हिरवी, पांढरी-तपकिरी, तपकिरी. माझा पहिला कनेक्टर लावल्यावर नेट तर चालू झालं, पण कॉम्प्युटर जोडणी १०० एमबीपीएसचीच दाखवत होता. निळ्या जोडीतली एक तार पूर्ण आत गेली नव्हती. १०० ला चारच तारा लागतात, १००० ला आठही. कनेक्टर कापून नवा लावला.

पंचवटीतल्या जुन्या वाड्यात राहत असाल तर हिशेब उलटा आहे. तिथल्या दोन-दोन फुटी भिंती सिग्नल गिळतात, पण लाकडी तक्तपोशीतून तो वर बऱ्यापैकी जातो. राऊटर बरोबर खालच्या खोलीत हलवून आधी पाहा, कदाचित खर्चच वाचेल. त्या भिंतींना स्वतः ड्रिल लावू नका, कच्च्या विटा आणि माती ढासळते.

भाड्याचं घर असेल तर मेश घ्या. घर बदललं तर डबे बरोबर येतात आणि घरमालकाला भोकांचा हिशेब द्यावा लागत नाही. घेताना डब्याला लॅन पोर्ट (वायर जोडायची जागा) आहे ना ते बघा, बऱ्याच जुन्या डेस्कटॉपना वाय-फाय नसतं. स्वतःच्या घरात वायर ओढणार असाल, तर दिवाळीच्या रंगकामाआधी उरका. भोकाभोवती पुट्टी भरणं आणि केसिंग पट्टीवर रंग मारणं त्यातच होऊन जातं.