रेबेल इंकची पुस्तकं : काही महिने वाचल्यानंतर

ज्यांना लांबलचक वाचायचं नाही त्यांच्यासाठी निकाल आधीच सांगतो: या स्कॉटिश मंडळींपैकी लॉरा हर्डपासून सुरुवात करा, अर्व्हिन वेल्शपासून नको.

रेबेल इंक हे केव्हिन विल्यमसननं १९९२ साली एडिनबरात काढलेलं अनियतकालिक. वेल्शची ‘ट्रेनस्पॉटिंग’ ही कादंबरी १९९३ मध्ये पुस्तकरूपात आली, त्याआधी तिचे काही तुकडे इथे छापून आले होते. बहुतेकांना रेबेल इंक तेवढ्यासाठीच ठाऊक असतं. १९९६ पासून एडिनबराच्याच कॅननगेट प्रकाशनानं याच नावानं पुस्तकं काढली. नंतर तेही बंद पडलं, त्यामुळे आता सगळी भिस्त जुन्या प्रतींवर. टपालखर्च ऐकून घाम फुटतो.

पहिले काही आठवडे स्कॉटिश बोलीशी झटापट. उच्चार जसा, तसंच स्पेलिंग. मनातल्या मनात वाचलं तर डोक्यावरून जातं. मोठ्यानं वाचलं की निम्मं आपोआप उलगडतं. घरात वाचणार असाल तर दार लावून घ्या, कारण शिव्याही मोठ्यानंच वाचाव्या लागतात.

‘चिल्ड्रन ऑफ अल्बियन रोव्हर्स’ हा सहा जणांच्या कथांचा संग्रह मी आधी घेतला. वेल्श, ॲलन वॉर्नर अशी वजनदार नावं आहेत, पण नशा आणि राडा यांचा एवढा मारा पुढे पुढे कंटाळा आणतो. सहांत बाई एकच, लॉरा हर्ड. तिची ‘बॉर्न फ्री’ ही कादंबरी मात्र सोडवेना. आई, वडील, मुलगी, मुलगा आळीपाळीनं बोलतात आणि प्रत्येकाला वाटतं की घरात शहाणा मीच. हसता हसता अंगावर येतं.

खरा ठेवा मात्र या मंडळींनी पुन्हा छापलेल्या जुन्या पुस्तकांत आहे. नॉर्वेचा हामसून, इराणचा सादेक हेदायत आणि त्यांच्याच रांगेत ग्लासगोचा अलेक्झांडर ट्रोकी. आपल्या गल्लीतल्या लेखकाचे भाऊबंद कोण, हे विल्यमसननं प्रस्तावनेत बडबडून नाही, फळीवर पुस्तकं मांडून सांगितलं. ट्रोकीची ‘यंग ॲडम’ पॅरिसमध्ये १९५४ साली आलेली. कालव्यातल्या नौकेवर काम करणारा माणूस पाण्यातून एका बाईचं प्रेत बाहेर काढतो, आणि त्याला सांगतोय त्यापेक्षा जास्त माहीत आहे. मी ती लगेच दुसऱ्यांदा वाचली.

साठच्या दशकातल्या आपल्या अनियतकालिकांची, अशोक शहाणे-अरुण कोलटकरांच्या पिढीची, आठवण येतेच. पण इथे चार वर्षांत बंडखोर थेट प्रस्थापित प्रकाशकाच्या घरात राहायला गेले. आपल्याकडे यावरून दोन तरी गट पडले असते! मला विचाराल तर बरंच झालं. नाहीतर इतकी पुस्तकं छापली कोणी असती?

तेव्हा क्रम असा: हर्ड, मग ट्रोकी, मग हेदायत. सहा जणांचा संग्रह स्वस्तात मिळाला तरच घ्या.