पॉकेट कॅम्प कम्प्लीट : वर्षभराहून अधिक वापरानंतरचा अनुभव

'ॲनिमल क्रॉसिंग : पॉकेट कॅम्प' हा खेळ निन्टेंडोने नोव्हेंबर २०१७ मध्ये मोबाइलवर आणला आणि सात वर्षांनी, २८ नोव्हेंबर २०२४ रोजी, त्याची ऑनलाइन सेवा बंद केली. अमेरिकेत त्या दिवशी थँक्सगिव्हिंगची सुट्टी होती. न्यू जर्सीतल्या आमच्या घरी सकाळपासून स्वयंपाकाची गडबड चालली होती, आणि मी त्यातून पाच मिनिटे काढून टोरोंटोला राहणाऱ्या धाकट्या बहिणीच्या कॅम्पवर शेवटची फेरी मारून आले. तिने तंबूसमोर दोन खुर्च्या आणि मधोमध शेकोटी मांडून ठेवली होती. त्यानंतर चारच दिवसांनी, २ डिसेंबरला, एकदाच पैसे भरून कायमची घेता येणारी 'पॉकेट कॅम्प कम्प्लीट' ही आवृत्ती आली. जानेवारी २०२५ च्या अखेरीपर्यंत तिची किंमत ९.९९ डॉलर होती, पुढे ती १९.९९ डॉलर झाली. मी जानेवारीतच ती घेतली, जुन्या खेळातली माझी सगळी जमवाजमव तिच्यात आणली, आणि तेव्हापासून एखाददुसरा दिवस वगळता रोज खेळते आहे. पहिल्या पंधरवड्यात लिहिले असते तर हा अनुभव फार निराळा झाला असता. या खेळाचा खरा स्वभाव त्याच्या पुन्हा पुन्हा घडण्यात आहे, आणि तो कळण्यासाठी निदान एक वर्ष उलटावे लागते.

ज्यांनी हा खेळ पाहिलेला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. आपण एका कॅम्पचे व्यवस्थापक असतो. आजूबाजूला नदी, समुद्रकिनारा, बेट आणि फळझाडांची राई आहे, आणि तिथे माणसांसारखे कपडे घालून बोलणारे प्राणी येऊन राहतात. त्यांना हवी ती फळे, मासे, किडे आणि शिंपले आपण आणून द्यायचे, त्याबदल्यात ते लाकूड, कापूस, पोलाद असा कच्चा माल देतात, त्या मालातून सायरस नावाचा अल्पाका आपल्याला फर्निचर बनवून देतो, आणि ते फर्निचर कॅम्पवर मांडले की प्राणी मुक्कामाला येतात. यात कोणी हरत नाही, कोणी मरत नाही आणि खेळ कधी संपतही नाही. इझाबेल नावाची पिवळी कुत्री मदतनीस म्हणून सोबत असते आणि रोजची छोटी कामे नेमून देते.

या सगळ्याला ताल मिळतो तो तीन तासांच्या चक्रामुळे. झाडाला तीन फळे लागतात, झाड हलवले की ती खाली पडतात आणि पुन्हा धरायला खरेखुरे तीन तास लागतात. नदीकाठी, किनाऱ्यावर किंवा बेटावर आलेले प्राणीही तीन तासांनी निघून जातात आणि त्यांच्या जागी दुसरे येतात. खेळातला दिवस आणि रात्र घड्याळाप्रमाणे चालतात, म्हणजे आपल्याकडे काळोख पडला की कॅम्पवरही काळोख पडतो. सुरुवातीला मला हे चक्र अडसरासारखे वाटायचे, कारण खेळायची हौस असते आणि झाडे मात्र रिकामी असतात. खत घालून झाड लगेच फळाला आणता येते, पण खत मोजकेच असते. काही आठवड्यांनी लक्षात आले की दहा-बारा मिनिटांत करण्यासारखे सारे संपते आणि मग फोन आपोआप खाली ठेवला जातो. सकाळच्या चहाबरोबर एक फेरी, दुपारच्या सुट्टीत एक आणि मुलीला पोहण्याच्या वर्गाहून घरी आणल्यावर एक, एवढ्यात माझा दिवसाचा खेळ होतो. ज्या खेळांनी माझी रात्रीची झोप मोडली त्यांच्याशी तुलना करता हा खेळ वेळेच्या बाबतीत फार सभ्य आहे, आणि त्याचा मला वाटणारा सर्वांत मोठा गुण हाच आहे.

प्राण्यांच्या मागण्या ठरलेल्या साच्यातल्या असतात. कोणी सफरचंदे मागते, कोणी संत्री, कोणी माकूळ. किनाऱ्यावर मिळणाऱ्या रेड स्नॅपरला आमच्या रत्नागिरीच्या घरी तांबोशीच म्हटले असते, आणि माझी मुलगी आता गळाला लागलेला तो लाल मासा पाहून तेच नाव घेते. पाण्यात सावली दिसते, गळ टाकायचा, तरंगणारा बोंडा दोन-तीनदा नुसता हलतो आणि मग एकदम बुडतो, त्याच क्षणी बोट टेकवावे लागते. जरा आधी टेकवले तर मासा जातो. हे इतके साधे आहे, तरी वर्षभरानंतरही बोंडा बुडताना माझा श्वास क्षणभर अडकतो. मागितलेली वस्तू दिली की गोल्डी नावाची कुत्री डोळे मिटून हसते, वाक्याच्या शेवटी आपले नेहमीचे पालुपद जोडते आणि मैत्रीची पातळी थोडी वर चढते. प्रत्येक प्राण्याचे असे पालुपद ठरलेले आहे आणि त्यावरून डोळे मिटूनही ओळखता यावे की बोलते कोण आहे. अपोलो हा गरुड तुटक, रुबाबदार बोलतो. केचप नावाची लाल बदकी सतत उत्साहात असते.

मात्र स्वभावाचे साचे मोजकेच आहेत, आणि एका साच्यातले सगळे प्राणी तीच वाक्ये फक्त पालुपद बदलून बोलतात. दोन-तीन महिन्यांत बहुतेक संवाद पाठ होतात. कोणत्या विषयावर बोलले की मैत्री वाढेल हे लाल अक्षरांत दाखवलेले असते, त्यामुळे मन लावून वाचण्याऐवजी लाल ओळ शोधून बोट ठेवण्याची सवय जडते. मला हा खेळाचा खरा उणेपणा वाटतो, कारण चित्रकारांनी या प्राण्यांना जितके जिवंत केले आहे तितकी मेहनत त्यांच्या बोलण्यावर झालेली नाही. याउलट त्यांचे न बोलता वागणे पाहत राहावे असे आहे. कॅम्पवर झोका ठेवला की कोणीतरी जाऊन बसते, वाद्य ठेवले की वाजवू लागते, संध्याकाळी शेकोटीभोवती तिघे-चौघे जमतात आणि एखादा बसल्या बसल्या पेंगतो. एका रात्री अपोलो माझ्या छोट्या लाकडी बाकावर एकटाच बसून होता. मी काहीही न करता दोनेक मिनिटे त्याच्याकडे पाहत राहिले. असे क्षण या खेळात ठरवून मिळत नाहीत, म्हणून ते टिकतात.

आता पैशांविषयी. जुना खेळ फुकट होता, पण त्यात लीफ तिकीट नावाचे दुसरे चलन होते आणि ते खऱ्या पैशांनी विकत घेता येत असे. सायरसला एखादी वस्तू बनवायला अनेक तास लागत, मोठ्या बांधकामांना तर दिवस लागत, आणि पडद्यावर 'तिकिटे द्या, लगेच मिळेल' ही सोय सतत समोर असे. फॉर्च्युन कुकीमध्ये कोणती वस्तू निघेल ते नशिबावर होते, आणि मनाजोगती निघेपर्यंत कुकी घेत राहण्याचा मोह फार वाईट होता. खाणीत शिरायचे तर पाच मित्रांची मदत मागावी लागे, नाहीतर वीस तिकिटे मोजावी लागत. मी स्वतःला घातलेली खर्चाची मर्यादा त्या काळात दोनदा ओलांडली होती आणि त्याचे वाईट अजूनही वाटते. 'कम्प्लीट'मध्ये खऱ्या पैशांची ही वाट पूर्ण बंद झाली. तिकिटांच्या जागी लीफ टोकन आले आणि ते खेळूनच मिळवावे लागतात. वाट पाहणे तेच राहिले, पण वाट पाहायला लावून पैसे काढण्याचा हेतू निघून गेल्यामुळे तीच वाट आता सुखाची झाली. कॅम्पर गाडी मोठी करून घेतली की बेल्स या नाण्यांत कर्ज चढते, त्याला व्याज नाही आणि मुदतही नाही, जमेल तसे फेडावे. हे आधीही असेच होते, पण एकूण खेळाचा सूर बदलल्यावर ही सोय त्यात आता खरी शोभते. लहान मुलांच्या हाती हा खेळ निर्धास्तपणे देता येतो, निदान माझ्या घरी तरी दिला आहे.

महिन्याचे उत्सव हा या खेळाचा दुसरा आधार आहे. कधी कॅम्पच्या बागेत खास बिया पेरायच्या, पाणी घालायचे, तीन तासांनी फुले उमलली की त्यांवर येऊन बसणारे चिमुकले जीव पकडायचे. कधी चिप नावाच्या बीव्हरची मासेमारीची स्पर्धा असते, कधी रानात लपलेले तुकडे शोधून फर्निचर बनवायचे असते. गलिव्हर नावाच्या खलाशी समुद्रपक्ष्याच्या जहाजावर माल भरून ते बेटांकडे रवाना करण्याचे कामही अखंड चालू असते. नव्या वस्तू सप्टेंबर २०२५ पर्यंत येत राहणार आणि त्यानंतर उत्सव पुन्हा पहिल्यापासून फिरणार, हे निन्टेंडोने आधीच जाहीर केले होते. अनेकांना इथेच खेळ संपल्यासारखा वाटला. माझे तसे झाले नाही. जी वस्तू गेल्या खेपेस पाहुणे आले म्हणून राहून गेली, ती पुढच्या खेपेस मिळणार आहे हे ठाऊक असले की उत्सव गाठण्याची धास्ती राहत नाही. आपल्याकडे मोदक दरवर्षी तेच असतात, आरासही थोड्याफार फरकाने तीच असते, आणि तरी चतुर्थीची वाट पाहणे थांबत नाही. पुन्हा आलेल्या बागेच्या उत्सवात मी पहिल्यांदाच घाई न करता फुलांचे रंग पाहिले. जुन्या खेळात मी ती नुसती मोजत होते.

काही गोष्टींविषयी थोडक्यात. 'हॅपी होमरूम' या भागात दिलेल्या विषयानुसार खोली सजवून गुण मिळवायचे असतात, पण गुण मांडणीच्या सौंदर्याला मिळत नाहीत, योग्य जातीची वस्तू ठेवली का यालाच मिळतात, त्यामुळे हौशी सजावटकाराची तिथे निराशा होते. वस्तूंची संख्या इतकी अफाट आहे की हवी ती खुर्ची शोधण्यात वेळ जातो. इंटरनेट मात्र सतत लागत नाही, अधूनमधून नवी माहिती उतरवून घेण्यापुरतेच लागते, आणि विमानात किंवा भुयारी रेल्वेत खेळता येणे ही माझ्यासाठी फार मोठी सोय ठरली. ज्यांच्याकडे याच मालिकेतला 'न्यू होरायझन्स' हा मोठा खेळ आहे त्यांना तिथली स्वतः काढलेली नक्षी इकडे आणता येते. मी पैठणीच्या काठासारखी एक पट्टी काढून आणली आणि ती माझ्या पात्राच्या अंगावर आहे.

जे हरवले ते शेजारपण. जुन्या खेळात बहिणीच्या कॅम्पवर मी केव्हाही जाऊ शकत असे. तिने तंबू हलवला, नवा गालिचा अंथरला, कोणत्या प्राण्याला मुक्कामाला बोलावले, हे मला दिसत असे. तिच्या बागेला मी पाणी घालत असे. आठवडा आठवडा फोन झाला नाही तरी खाणीसाठी तिने मदत मागितल्याची खूण दिसली की ती ठीक आहे, रोजच्यासारखी उठली आहे, हे कळायचे. नव्या आवृत्तीत दुसऱ्याच्या कॅम्पवर जाताच येत नाही. त्याऐवजी कॅम्पर कार्ड आहे. आपल्या पात्राचे कपडे, उभे राहण्याची ढब, आवडता प्राणी आणि एक छोटा निरोप घालून कार्ड बनवायचे, त्याचा क्यूआर कोड दुसऱ्याला पाठवायचा, आणि तो वाचून घेतला की ते पात्र व्हिसल पास नावाच्या जागी भेटते. रात्री तिथे के. के. स्लायडर हा पांढरा कुत्रा गिटार वाजवतो. सुरुवातीचे काही आठवडे मी तिथे जाऊन बहिणीच्या पात्रासमोर उभी राहत असे. ती हसायची, कार्डावरचे वाक्य बोलायची, आणि दुसऱ्या दिवशीही तेच बोलायची. कार्ड ज्या दिवशी काढले त्या दिवसाचीच ती होती. भिंतीवरच्या फोटोशी बोलल्यासारखे व्हायचे, आणि एकदा तर मी तिथून उठून सरळ तिला फोन लावला.

सर्व्हर बंद करून खेळ प्रत्येकाच्या फोनमध्ये ठेवायचा तर भेटीगाठी जाणारच, हे कारण मला समजते. तोट्यात गेलेले कित्येक मोबाइल खेळ एका रात्रीत कायमचे पुसले जातात आणि लोकांनी वर्षानुवर्षे जमवलेले त्यांच्याबरोबर जाते. इथे ते वाचले, याबद्दल मी मनापासून कृतज्ञ आहे. तरीही ज्याला हा खेळ मित्रमैत्रिणींबरोबर खेळायचा आहे त्याने पैसे भरण्याआधी हे नीट समजून घ्यावे. एकट्याने, शांतपणे, रोज थोडे थोडे खेळणाऱ्याला मात्र मी तो नि:शंकपणे सुचवेन, पूर्ण किमतीलासुद्धा.

आम्ही बहिणींनी आता आमच्यापुरती एक रीत पाडली आहे. दर महिन्याच्या पहिल्या तारखेला दोघी नवे कार्ड काढून एकमेकींना पाठवतो. दिवाळीत तिने पात्राला पिवळा पोशाख घातला होता आणि निरोपात रोमन लिपीत लिहिले होते, 'ताई, चकल्या मऊ झाल्या.' त्या महिनाभर व्हिसल पासवर गिटार चालू असताना ती मला रोज चकल्यांचेच सांगत होती, आणि मी रोज ते ऐकून मगच झोपायला जात होते.