खुब्यासाठी ड्राय नीडलिंग: सात महिन्यांनंतर

ठाणे स्टेशनचा पूल चढताना उजव्या खुब्यात बाहेरच्या बाजूने कळ यायची. रात्री त्या कुशीवर झोपणं बंद झालं होतं. एक्स-रेमध्ये सांधा ठीक निघाला. नौपाड्यातल्या फिजिओथेरपिस्ट मॅडमनी मला नुसत्या उजव्या पायावर उभं केलं, तर कंबर डावीकडे खाली झुकली. एका पायावर उभं असताना कंबर सरळ धरून ठेवायची ती ग्लुटियस मीडियस या स्नायूने, आणि माझा तोच कमी पडत होता. मग पाय बाहेर ढकलायला लावून छोट्या यंत्राने जोर मोजला. डावा १६ किलो, उजवा ११.

ड्राय नीडलिंगची सुई अ‍ॅक्युपंक्चरसारखीच बारीक असते, पण इथे बोटांनी चाचपून स्नायूतली दुखरी गाठ शोधतात आणि सुई थेट तिच्यात घालतात. औषध काहीच सोडत नाहीत, म्हणून ‘ड्राय’. सुई नेमकी लागली की स्नायू आपोआप टुणकन उडतो. पहिल्यांदा मी घाबरून मॅडमचा हातच धरला. नंतर दोन दिवस बसता-उठताना ठणका होता, तिसऱ्या दिवशी गेला.

त्याच बैठकीत पुन्हा मोजलं तर १३! मला वाटलं, झालं काम. मॅडम म्हणाल्या, "अहो, दहा मिनिटांत स्नायू वाढत नाही. दुखतं तेव्हा शरीर त्याला पूर्ण जोर लावू देत नाही, तो अटकाव थोडा सैल झालाय." हे मला पटलं ते महिन्याभराने. तोवर तीन वेळा सुया झाल्या होत्या, पण साताऱ्याला भाचीच्या लग्नात दहा दिवस व्यायाम बुडाला. परत आल्यावर आकडा साडेअकरा.

त्यानंतर मात्र एकही आठवडा चुकवला नाही. कुशीवर झोपून पाय उचलणं, पायांना रबरी पट्टा लावून आडवं चालणं, पायरीवरून एक पाय सावकाश खाली टेकवणं, आठवड्यातून तीनदा. सुया एकूण सहा वेळा, शेवटची तिसऱ्या महिन्यात. आता सातव्या महिन्यात उजवा साडेपंधरा आहे, आणि यातला बराचसा जोर सुया थांबल्यानंतर आलाय.

म्हणूनच, याआधी दुसऱ्या एका ठिकाणी दहा बैठकांचे पैसे आगाऊ घेऊन नुसत्या सुयाच टोचल्या, मोजमाप नाही की व्यायाम नाही, त्याचा मला आजही राग येतो. तुम्ही जाणार असाल तर पहिल्याच दिवशी ताकद मोजायला सांगा. सीलबंद नवी सुई तुमच्यासमोर उघडली पाहिजे. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असतील किंवा दिवस गेले असतील तर आधी बोला. खुब्याच्या मागच्या बाजूला सायटिक ही जाड नस जाते, त्यामुळे शरीररचना पक्की माहीत असलेल्याच हातात सुई हवी.

स्टेशनचा पूल आता कठड्याला न धरता चढते, त्या कुशीवर झोपही लागते. येऊरचा चढ जमतो, पण उतरताना शेवटी शेवटी खुबा अजून जड होतो. पायरीचा व्यायाम या महिन्यापासून दहाचा पंधरावर नेलाय.